कोरड्या त्वचेची काळजी न्हाणीघरातून सुरू होते

प्रश्न : माझे वय ५१ असून मी मुलुंडला राहते आणि वांद्रे-कुर्ला संकुलातील एका कार्यालयात नोकरी करते. दिवाळी सरली की माझ्या नडग्यांवर पांढरे पापुद्रे दिसू लागतात, हातांची त्वचा ओढल्यासारखी होते, टाचांना भेगा पडतात आणि रात्री अंथरुणात शिरल्यावर पायांना इतकी खाज सुटते की झोप मोडते. रोज सकाळी मी कढत पाण्याने, जंतुनाशक साबण लावून स्नान करते. आमच्या सोसायटीत आठवड्यातून तीन-चार दिवस टँकरचे पाणी येते. दोन-तीन क्रीम वापरून झाली. आता नैसर्गिक उपायच करायचे असे ठरवून बेसन, साय आणि लिंबू यांचा लेप आठवड्यातून तीनदा लावते, पण त्यानंतर त्वचा चुरचुरते. माझ्या ७८ वर्षांच्या सासूबाईंनाही हाच त्रास आहे. मुंबईसारख्या दमट शहरात त्वचा कोरडी का पडते आणि घरच्या घरी काय करता येईल?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात आपण त्वचेला काय काय लावता हे सविस्तर लिहिले आहे. परंतु आपल्या प्रश्नाचे उत्तर मला त्या यादीत नव्हे, तर 'कढत पाणी', 'जंतुनाशक साबण' आणि 'टँकर' या तीन शब्दांत सापडले. कोरड्या त्वचेच्या बाबतीत आपण सगळेच प्रथम 'काय लावू?' असे विचारतो. मात्र त्वचेवरून रोज जे उतरवले जाते, ते उतरवणे थांबल्याशिवाय वरून लावलेले काहीही टिकत नाही. म्हणून लेप आणि तेले यांच्याकडे मी नंतर वळेन. आधी न्हाणीघराविषयी लिहिते.

त्वचेचा सर्वांत वरचा थर हा मृत पेशींचा असतो आणि त्या पेशींच्या मधल्या फटी स्निग्ध द्रव्याने भरलेल्या असतात. शरीरातील पाणी बाहेर उडून जाऊ न देण्याचे काम मुख्यतः हे स्निग्ध द्रव्य करते. त्याखेरीज तैलग्रंथींतून पाझरणारे तेल वरून पातळसे पसरलेले असते. तळहात आणि तळपाय यांना या तैलग्रंथी मुळीच नसतात आणि नडग्यांवर त्या फार थोड्या असतात. आपली तक्रार नेमकी नडग्या, हात आणि टाचा यांचीच आहे, हा योगायोग नाही. त्यात आपले वय ५१ आहे. रजोनिवृत्तीच्या सुमारास इस्ट्रोजेन कमी होते, तसे त्वचेतील तेल आणि ओलावा धरून ठेवण्याची शक्ती हे दोन्ही घटतात. त्यामुळे पस्तिशीत जो साबण आणि जे कढत पाणी आपल्याला बाधले नाही, तेच आता बाधू लागले असेल, तर त्यात आश्चर्य नाही.

मुंबई दमट आहे हे खरे, पण ती बारा महिने आणि चोवीस तास तितकीच दमट नसते. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात समुद्राकडून येणारा वारा दिवसाचा बराच वेळ मागे हटलेला असतो आणि जमिनीवरून येणारा कोरडा वारा वाहतो. दुसरे कारण वातानुकूलन यंत्राचे. कार्यालयांच्या भिंतीबाहेर लोंबणाऱ्या नळीतून थेंब थेंब पाणी ठिबकताना आपण पाहिले असेल. ते पाणी आतल्या हवेतलेच असते. यंत्रातील थंड नळ्यांवर हवेतील बाष्पाचे पाणी होऊन ते बाहेर टाकले जाते आणि आत उरते ती कोरडी हवा. आपण त्या हवेत दिवसाचे आठ-नऊ तास बसता, आणि वातानुकूलित लोकलने येत-जात असाल, तर त्यात आणखी तास-दोन तासांची भर पडते. म्हणजे घराबाहेर मुंबई कितीही दमट असली, तरी आपल्या त्वचेचा मोठा काळ मुंबईच्या हवेत जातच नाही.

आता स्नान. कढत पाण्याने स्निग्ध द्रव्य विरघळून निघते. तुपाचे भांडे गरम पाण्याने लवकर निघते, तसेच ते आहे. पाणी कोमट असावे, इतके की हाताच्या मनगटावर टाकल्यावर गरम असे वाटू नये, आणि स्नान पाच ते दहा मिनिटांत आटोपावे. शॉवरपेक्षा बादली आणि तांब्या मला या बाबतीत अधिक पसंत आहेत, कारण बादली संपली की स्नान संपते.

साबणाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो. त्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) साधारण ४.५ ते ५.५ असतो. नेहमीच्या साबणाचा सामू ९ ते १० असतो, म्हणजे तो अल्कधर्मी असतो, मग वेष्टनावर कडुनिंब, हळद किंवा चंदन यांपैकी कशाचेही चित्र असो. वेष्टनावर टीएफएम असा आकडा छापलेला असतो. तो साबणातील एकूण स्निग्धाम्लांचे प्रमाण सांगतो. भारतीय मानकानुसार अंगाच्या साबणात हे प्रमाण ७६ टक्के किंवा अधिक असेल तर तो पहिल्या श्रेणीचा, ७० टक्के असेल तर दुसऱ्या आणि ६० टक्के असेल तर तिसऱ्या श्रेणीचा मानला जातो. पहिल्या श्रेणीचा साबण घेणे केव्हाही बरे, पण आकडा मोठा असला म्हणून साबणाचा अल्कधर्मीपणा जात नाही, हेही ध्यानात ठेवावे. जंतुनाशक साबणाची आपल्याला रोज गरज नाही, तो आजच बंद करावा. साबण केवळ काखा, जांघा आणि पावले यांना लावावा. हात, पाय, पाठ आणि पोट यांना साधे पाणी पुरते. घरात बसून असणाऱ्या किंवा कार्यालयात काम करणाऱ्या माणसाच्या नडग्यांना रोज साबणाने घासून काढावा असा मळ लागत नाही. घासणी तर नकोच.

टँकरच्या पाण्याचा प्रश्न उपनगरांतील अनेकांना छळतो. भातसा, तानसा, वैतरणा अशा जलाशयांतून महापालिका जे पाणी पुरवते, ते पावसाचे साठवलेले पाणी असल्याने फारसे जड नसते. टँकरचे पाणी मात्र पुष्कळदा विंधण विहिरीचे असते आणि त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक असतात. नळावर, बादलीच्या कडेला पांढरा थर बसत असेल आणि साबणाला फेस येत नसेल, तर पाणी जड आहे असे समजावे. अशा पाण्यात साबणाचा चिकट साका तयार होऊन तो अंगावरच राहतो, चुरचुर आणि खाज वाढवतो. यासाठी महागडे यंत्र बसवण्याची घाई करू नये. ज्या दिवशी टँकर येतो, त्या दिवशी साबण आणखी कमी वापरावा आणि महापालिकेचे पाणी एका कळशीत राखून ठेवून शेवटचे दोन-तीन तांबे त्याचे घ्यावेत. एवढ्यानेही फरक पडतो.

आपल्याकडे साबणाचा वापर घरोघर होण्यापूर्वी स्नानाची रीत काय होती, हे आठवून पाहण्यासारखे आहे. दिवाळीच्या पहाटेचे अभ्यंगस्नान म्हणजे त्या रीतीचा आपल्या घरात उरलेला अवशेष होय. आधी अंगभर कोमट तेल चोळायचे, ते थोडा वेळ मुरू द्यायचे आणि मग उटणे लावून स्नान करायचे. उटण्यातील नागरमोथा, वाळा, कचोरा, मसुराचे पीठ ही द्रव्ये वरचे जादा तेल आणि त्याबरोबर मळ टिपून घेतात, पण तेलाचा पातळ थर अंगावर राहतो. आता काळ पाहा. पावसाळा संपून थंडी येण्याच्या नेमक्या वेळी हे स्नान येते. आपण ते एका पहाटेपुरते करतो आणि दुसऱ्या दिवसापासून कढत पाणी व साबणाकडे परततो, याची मला खरोखर खंत वाटते. आपण दर रविवारी स्नानापूर्वी अर्धा तास अंगाला तेल लावावे, असे मी सुचवते. वेळ नसेल त्या दिवशी किमान नडग्या आणि हात यांना तरी तेलाचे बोट फिरवून मग अंगावर पाणी घ्यावे.

स्नानानंतर अंग टॉवेलने घासून कोरडे करू नये. टिपावे, आणि त्वचा जरा ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, तेल लावावे. या वेळेला फार महत्त्व आहे. तेलात पाणी नसते, त्यामुळे ते त्वचेला ओलावा देत नाही; जो ओलावा आहे तो धरून ठेवते. वाळून ताणल्या गेलेल्या त्वचेवर दुपारी तेल चोळले, तर वरून चकाकी येते आणि आतली त्वचा कोरडीच राहते. 'तेल लावूनही उपयोग होत नाही' अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांची चूक तेलात नसून वेळेत असते.

कोणते तेल? आपल्या घरी जे आहे, तेच मी प्रथम सुचवीन, म्हणजे खोबरेल. कोरड्या त्वचेच्या ३४ रुग्णांवर झालेली एक चाचणी २००४ साली प्रसिद्ध झाली. त्यांच्यापैकी काहींनी व्हर्जिन (ताज्या नारळापासून काढलेले) खोबरेल आणि काहींनी खनिज तेल (मिनरल ऑइल, म्हणजे पेट्रोलियमपासून शुद्ध केलेले तेल) दिवसातून दोनदा दोन आठवडे पायांना लावले, आणि दोन्ही तेलांनी सारखाच गुण आला. जानेवारीच्या सकाळी बाटलीतले खोबरेल गोठते, कारण ते सुमारे २४ अंशांच्या खाली घट्ट होते; बाटली कोमट पाण्यात ठेवावी, गॅसवर धरू नये. सुगंध घातलेले केसांचे तेल अंगाला लावू नये. चेहऱ्यावर मुरमे येत असतील, तर खोबरेल चेहऱ्याला नको. तिळाचे तेल आणि सूर्यफुलाचे तेलही चांगले. सूर्यफुलाच्या तेलातील लिनोलेइक आम्ल त्वचेच्या त्या फटींतील स्निग्ध द्रव्य तयार होण्यास उपयोगी पडते. ऑलिव्हच्या तेलाला मात्र सध्या जो मान आहे तो मला पटत नाही. इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली ही दोन तेले प्रौढांच्या हातांवर काही आठवडे लावून पाहिली; ऑलिव्हच्या तेलाने त्वचेचा वरचा थर दुबळा झाला आणि थोडी लाली आली, सूर्यफुलाच्या तेलाने तसे झाले नाही. आपल्या स्वयंपाकघरात स्वस्तात मिळणारी वस्तू अधिक योग्य असताना महाग बाटली विकत घेण्याचे कारण नाही. मोहरीचे तेल तिखट असते आणि काहींच्या त्वचेला चरचरते, म्हणून आपल्या खाजऱ्या पायांना ते लावू नये.

टाचांसाठी मी आवर्जून सांगते ते कोकणातले मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचे तेल. माझ्या आजोळी बिया फोडून, कुटून पाण्यात उकळत, वर आलेला स्निग्ध थर काढून घेत आणि तो थिजला की हातात धरून त्याचे गोळे वळत. मुंबईच्या हवेतही ते घट्टच राहते आणि अंगाच्या उबेने मऊ होते, त्यामुळे भेगेत भरून राहण्याचा गुण त्यात आहे. पातळ तेल मोज्यात शोषले जाते, मुठेल जागेवर टिकते. दादर, गिरगाव, लालबाग या भागांतील कोकणी मालाच्या दुकानांत त्याची चौकशी करावी. रात्री कोमट पाण्यात पाय दहा मिनिटे ठेवून, मऊ झालेली टाच वजरीने हलक्या हाताने घासावी, पाय टिपावेत, मुठेल किंचित पातळ करून भेगांत भरावे आणि सुती मोजे घालून झोपावे. ब्लेडने कडा कापण्याची सवय असेल, तर ती सोडावी. भेगेतून रक्त येत असेल, तर वजरी त्या आठवड्यात बाजूला ठेवावी.

आता आपला लेप. बेसन तेल शोषून घेते. ते तेलकट त्वचेसाठी आहे. मुलतानी मातीही तशीच. लिंबाचा रस तीव्र आम्ल आहे; फाटलेल्या त्वचेवर तो चुरचुरणारच, शिवाय लिंबू लागलेल्या जागी ऊन पडले तर तिथे भाजल्यासारखे काळे डागही पडू शकतात. आपल्या लेपातली केवळ साय कामाची होती. लेप पूर्ण बंद करावा. जे झाडावर उगवते किंवा स्वयंपाकघरात असते ते निरुपद्रवी असलेच पाहिजे, हा समज मी अनेक पत्रांत पाहते आणि तो मला काळजीचा वाटतो. बिब्बाही झाडावरच येतो आणि अंगावर उततो. म्हणून कोणतीही नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला छोट्या जागी तीन-चार दिवस लावून पाहावी.

खिडकीच्या जाळीत कोरफडीची कुंडी असेल, तर तिचा उपयोग जरूर करावा, पण पान कापल्याबरोबर लावू नये. कापलेले पान दहा-पंधरा मिनिटे उभे ठेवून त्यातून निघणारा पिवळा चीक निथळू द्यावा, कारण तो त्वचेला झोंबतो. मग पान धुऊन आतला पारदर्शक गर घ्यावा. हा गर जवळजवळ सगळा पाणीच असतो. त्याने खाजऱ्या जागेला गार वाटते, पण तो वाळला की ओलावाही जातो, म्हणून गर लावल्यावर वरून तेलाचा हात फिरवावा. ग्लिसरिनचेही तसेच आहे. ते पाणी ओढून घेते, आणि कोरड्या हवेत ते पाणी त्वचेतूनच ओढले जाऊ शकते. त्यामुळे ते नुसते न लावता एक भाग ग्लिसरिन आणि तीन भाग गुलाबपाणी असे मिसळून ओलसर अंगावर लावावे. मध हेच काम करतो, पण चिकटपणामुळे रोजच्या रोज लावणे होत नाही.

रात्रीच्या खाजेवर ओट्सचा उपाय मला सर्वांत भरवशाचा वाटतो. साधे, न गोड केलेले ओट्स मिक्सरमध्ये अगदी बारीक दळावेत, अर्धी वाटी पीठ मलमलीच्या फडक्यात बांधून कोमट पाण्याच्या बादलीत पिळून घ्यावे आणि त्या दुधाळ पाण्यात पाय दहा मिनिटे ठेवावेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बारीक दळलेल्या ओट्सना त्वचेचे रक्षण करणारे द्रव्य म्हणून २००३ साली मान्यता दिली, आणि त्यांतील काही घटक खाज व दाह कमी करतात हे आता माहीत आहे. नंतर पाय टिपून लगेच तेल लावावे. पायांवर थेट लोकरी पांघरूण घेऊ नये. आत जुनी मऊ सुती चादर असावी.

भांडी आपणच घासत असाल, तर हातांचा अर्धा त्रास तिथे आहे. आत सुती आणि वर रबरी असे हातमोजे घालावेत. कार्यालयाच्या पिशवीत तेलाची लहान कुपी ठेवून हात धुतल्यावर दोन थेंब चोळावेत.

पाणी भरपूर प्यावे हे खरे, पण जास्त पाणी प्याल्याने त्वचेचा कोरडेपणा जातो असे मी आपल्याला सांगणार नाही. तहानेपुरते पाणी पिणाऱ्या निरोगी व्यक्तीला त्याहून जास्त पाण्याचा या कामी फारसा फायदा होत नाही. आहारातील स्निग्ध पदार्थ एकदम बंद केले असतील, तर मात्र ते परत सुरू करावेत. जवसाची चटणी, तीळ, शेंगदाणे आणि मासे खात असाल तर बांगडा, एवढे पुरे.

हे सर्व नेमाने चार आठवडे करावे. त्वचेचा वरचा थर नवा होण्यास साधारण तेवढा काळ लागतो, आणि वय वाढेल तसा तो आणखी लांबतो. खाज मात्र आठवड्याभरातच कमी व्हायला हवी. ती कमी झाली नाही, किंवा पुरळ दिसत नसताना सर्वांगाला खाज असेल, किंवा कोरडेपणाबरोबर थकवा, वजनवाढ, केस गळणे आणि थंडी सोसेनाशी होणे अशी लक्षणे असतील, तर थायरॉइड, रक्तातील साखर आणि मूत्रपिंड यांची तपासणी करून घ्यावी. त्वचा कोरडी पडणे हे कधीकधी आतल्या विकाराचे चिन्ह असते. लाली, पाणी किंवा पू दिसला, तर घरगुती उपाय थांबवावेत. परळचे केईएम, शीवचे लोकमान्य टिळक आणि मुंबई सेंट्रलचे नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. डॉक्टरांनी मलम किंवा पेट्रोलियम जेली दिली, तर ती नैसर्गिक नाही म्हणून नाकारू नये. पाणी अडवून धरण्यात जेली कोणत्याही तेलाहून सरस आहे.

सासूबाईंसाठी वरील सारे लागू आहे, मात्र काही गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील. ७८ व्या वर्षी त्वचा कागदासारखी पातळ झालेली असते, म्हणून तेल चोळू नये, केसांच्या दिशेने हलकेच फिरवावे. त्यांनी रोज सर्वांगस्नान करण्याऐवजी एक दिवस आड स्नान आणि मधल्या दिवशी ओल्या फडक्याने अंग पुसणे पुरेसे आहे. देवपूजेमुळे त्यांना हे पटणार नसेल, तर रोज स्नान करावे, पण साबणाशिवाय. त्यांना मधुमेह असेल, तर टाचेच्या भेगेला वजरी लावूच नये, ती डॉक्टरांना दाखवावी, आणि पाय बुडवण्याचे पाणी आपण स्वतः हात घालून पाहावे, कारण पायांची संवेदना कमी झालेली असली तर पाणी पोळते आहे हे त्यांना कळणार नाही. तेल मुरलेल्या साड्या आणि गाऊन लवकर पेट घेतात, तेव्हा ते नेसून त्यांनी गॅसजवळ किंवा समईजवळ वाकू नये. स्नानापूर्वीचे तेल त्यांच्यासाठी वगळावे, कारण तेलकट तळव्यांनी न्हाणीघराच्या लादीवर पाय घसरतो आणि या वयात खुब्याचे हाड मोडणे कोरड्या त्वचेपेक्षा फार मोठे संकट आहे. त्यांच्या पायांना तेल रात्री, त्या अंथरुणावर बसल्यानंतरच लावावे, वर सुती मोजे घालावेत, आणि पाण्याचा तांब्या व औषधे आधीच उशाशी ठेवावीत. रात्री लघवीसाठी उठावे लागले, तर आधी मोजे काढून, तळवे पुसून, मगच त्यांनी पाय जमिनीला लावावा.